चार सुयांवर

२८ ऑक्टोबर
लक्ष्मी रोडवर मुंगीला शिरायला जागा नाही. पणत्या आणि उटणं आणायला गेले होते. दोन्ही आणलं. शिवाय अर्धा किलो लोकर. चार पदरी, मोरपंखी. दुकानदार म्हणाला, "बाई, दिवाळीत लोकर मागणाऱ्या तुम्हीच." थंडी पडल्यावर विणायला घेतलेला स्वेटर होळीला अंगात जातो, हे त्याला सांगत बसले नाही.

२९ ऑक्टोबर
नमुना विणून पाहिला. दहा नंबरच्या सुया. दहा सेंटिमीटरला अठ्ठावीस टाके. हवे तेवढेच.
धाग्याचं टोक गॅसवर धरलं. वितळून काळा, कडक मणी झाला. म्हणजे ॲक्रिलिक. खरी लोकर असती तर केस जळल्याचा वास आला असता, राख बोटांत चुरली असती. लेबलवर मात्र गुबगुबीत मेंढी. तिचा काय दोष.

३१ ऑक्टोबर
मुग्धाचा बंगळुरूहून फोन. "आई, यंदा खिसे हवेत. आणि गळा व्ही." मापं पाठव म्हटलं तर म्हणते, मागच्या वर्षीचीच. मागच्या वर्षीची मापं मागच्या वर्षीच्या मुग्धाची. टेप घेऊन मोज म्हणून सांगितलं.

१ नोव्हेंबर
लक्ष्मीपूजन. सुयांना हात नाही.

३ नोव्हेंबर
भाऊबीज. वन्सं साताऱ्याहून सकाळच्या एसटीने आल्या. ओवाळताना तबक उजव्या हातातच पेललं, डावा हात पदराखाली. ह्यांनी पाकीट घातलं. त्यांनी तिथेच उघडून मोजलं, नेहमीप्रमाणे. सबंध नोकरी गणित शिकवण्यात गेली, आता सुटणार थोडंच.
माझ्या मांडीवरचं मोरपंखी बघून म्हणाल्या, "अजून चालूच का हे? लोकरीच्या पैशात तयार दोन येतील." दर भाऊबीजेचं वाक्य. मी "हो ना" म्हणते आणि पुढचा टाका घेते. तेही दर भाऊबीजेचं.
दुपारी भांडी पुसताना, हळू आवाजात: "तुझ्या त्या डॉक्टरीणबाई अजून बसतात का गं?"

४ नोव्हेंबर
परतीचं तिकीट रद्द. ह्यांना सांगितलं, वन्सं चार दिवस राहताहेत. "का?" म्हणाले. पुढे काही विचारलं नाही.

६ नोव्हेंबर
वाट बघायच्या खोलीत पाठीचा भाग बगलेपर्यंत झाला. बाकांवर सगळ्या बायका. कोणी कोणाकडे बघत नाही, माझ्या सुयांकडे बघतात. एकीने विचारलं, "वेणीची वीण ना?" हो म्हटलं. मग तिचा नंबर आला.
वन्सं: "ती टकटक बंद कर."
बंद केली.
पाचएक मिनिटांनी: "कर, कर. नाहीतर बोलायला लागशील."

९ नोव्हेंबर
रिपोर्ट आला.

१० नोव्हेंबर
ह्यांनी सकाळभर पेपर धरला होता. पान उलटलं नाही.

११ नोव्हेंबर
वीण घट्ट येतेय. सुया त्याच, लोकर तीच. उसवलं.

१३ नोव्हेंबर
बुधवारचा कट्टा, दामलेकाकूंच्या दिवाणखान्यात. एकजण कमी दिवसांच्या बाळांसाठी टोपडी विणतेय. डोकं मोसंब्याएवढं. अशा बाळांच्या अंगातली ऊब डोक्यावाटे फार लवकर जाते म्हणे, पेटीतून बाहेर काढलं की आधी टोपडं. तिने एक माझ्या तळहातावर ठेवलं. दोन बोटांवर बसलं.
कुलकर्णीबाई नातवाच्या स्वेटरवर हत्ती काढताहेत. हत्तीची सोंड दर वेळी शिवणीत जाते. नातू म्हणाला, सोंड नसली तरी चालेल. त्या म्हणाल्या, मला चालणार नाही.
घरचं काही बोलले नाही.

१९ नोव्हेंबर
ऑपरेशन शुक्रवारी. खर्चाचं अंदाजपत्रक मिळालं. वन्संनी चष्मा लावून सगळी बेरीज पुन्हा केली. बरोबर निघाली. जरा हिरमुसल्या.
रात्री एकट्याच गॅलरीत. शाल नेऊन दिली. "विणलेली आहे का?" विचारलं. नाही, विकतची. "मग दे."

२२ नोव्हेंबर
पिशवीत विणकाम नेलं होतं. बाहेर काढलं नाही.

२३ नोव्हेंबर
शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न: किती वाजले. दुसरा: साताऱ्याच्या घराचा मागचा दरवाजा कोणी बघितला का.

२४ नोव्हेंबर
जखमेतून नळी, नळीला बाटली. बाटली कुठे ठेवायची ते कोणी सांगत नाही. उठलं की हातात धरायची, बसलं की मांडीवर. गाऊनला सेफ्टी पिनने अडकवली तर ओढ बसते. कळ येते, पण बोलत नाहीत, ओठ मिटून घेतात.
घरी येऊन कपाट उपसलं. सुती दोरा सापडला, पांढरा. क्रोशाने पिशवी. बाटली घट्ट बसेल इतकीच. गळ्यात अडकवायला लांब पट्टा, रुंद, काचू नये म्हणून. पट्ट्याला बटण, लांबी कमी-जास्त करायला. झोपायला उशीर झाला.

२५ नोव्हेंबर
पिशवी गळ्यात. वन्सं खोलीभर चालून आल्या, दोन्ही हात मोकळे. पट्टा बोटांनी चाचपला.
"हे बरं केलंस."
इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
सिस्टर म्हणाल्या, पलीकडच्या खोलीतल्या आजींना एक द्याल का. दोरा शिल्लक आहे.

२७ नोव्हेंबर
घरी आणलं. हे साताऱ्याला जाऊन घर बंद करून आले. येताना वन्संचं घोंगडं आणलं. सासऱ्यांच्या वेळचं, काळं. उघडलं तशी सगळ्या खोलीत मेंढी आणि धूर. हे जाळून बघायची गरज नाही. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ, स्वेटर करायचा म्हटलं तर अंग सोलेल. पण सूत कातून, सणगराच्या मागावर विणून, चिंचोक्याची खळ दिली की पावसालासुद्धा दाद देत नाही. वन्संनी ते पलंगाखाली अंथरायला सांगितलं. "थंड फरशीवर पाय ठेववत नाही." पायमोजे मी विणून देते म्हटलं. "घोंगडं आहे."

५ डिसेंबर
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. नळी निघाली. पिशवी धुवून ठेवली.
व्यायाम सुरू. भिंतीसमोर उभं राहायचं आणि डाव्या हाताची बोटं भिंतीवरून वर चढवत न्यायची. पोचली तिथे वन्सं पेन्सिलीने रेघ मारतात, शेजारी तारीख. "रंग गेल्याच वर्षी दिलाय," हे म्हणाले. वन्सं म्हणाल्या, "आलेखाला भिंत लागते."

८ डिसेंबर
रेघ चार बोटं वर. दुपारी दुखत होतं.

१० डिसेंबर
थंडी पडली. मोरपंखीची लड सोडवून गुंडा करायचा होता. खुर्चीच्या पाठीला अडकवली. वन्सं बघत होत्या. मग म्हणाल्या, आण इकडे. दोन्ही हात पुढे केले, कोपरं उशीवर टेकवून. मी नको म्हटलं. "डॉक्टरांनी ओझं नको म्हणून सांगितलंय. हे ओझं आहे का?"
लड धरून बसल्या. मी गुंडाळत गेले.
"बासष्ट साली चीनचं युद्ध झालं तेव्हा शाळेतून, महिला मंडळातून सगळीकडे जवानांसाठी स्वेटर. साताऱ्यात तर कोणाचे ना कोणाचे वडील, काका सैन्यात. आईने घेतले विणायला. लड धरायला मी. नऊ वर्षांची. बाहेर मुली सागरगोटे खेळताहेत आणि मी हात पुढे करून बसलेय, पुतळा. सबंध हिवाळा." थांबल्या. "तेव्हापासून तुमच्या ह्या लोकरीवर माझा राग."
सासूबाईंनी मला हे कधी सांगितलं नव्हतं. त्यांनीच मला टाके घालायला शिकवलं.

१४ डिसेंबर
दत्तजयंती. मुग्धाने मापं पाठवली. छाती दोन इंच वाढवून हवी. पाठ झालेली. बाजूला पट्टी घालून भागेल, साबुदाणा वीण घातली तर मुद्दाम केल्यासारखी दिसेल.

१६ डिसेंबर
वन्संना घेऊन एका दुकानात. डॉक्टरीणबाईंनी पत्ता दिला होता. विकणारा माणूस मुलासारखा, पण मोठ्याने बोलणारा. सिलिकॉनचं काढून काउंटरवर ठेवलं. वन्संनी हातात घेतलं, वजन अजमावलं. किंमत विचारली. पदर सारखा केला आणि उठल्या.
रिक्षात: "घामाचं काय? साताऱ्याच्या मे महिन्यात?"
मग बराच वेळ काही नाही.
"ब्लाउजमध्ये रुमाल घालून काम चालतंय. सरकतो, एवढंच."

१८ डिसेंबर
कट्ट्यावर सांगितलं. हत्तीवाल्या कुलकर्णीबाई रडायला लागल्या, त्यांनाच पाणी द्यावं लागलं.
दामलेकाकू आत गेल्या. येताना मुठीत काहीतरी. माझ्या हातात दिलं. सुताचं, गोल, मधे उंच, आत कापूस असावा तसं मऊ. जेमतेम वजन. मागच्या बाजूला छोटं तोंड ठेवलेलं, आतली भर काढता-घालता येईल असं.
अमेरिकेतल्या बार्बरा डेमोरेस्ट नावाच्या बाईंचं स्वतःचं ऑपरेशन झालं २०११ साली. सिलिकॉन सोसेना. कोणीतरी असं विणलेलं दाखवलं. त्यांनी मैत्रिणी जमवल्या, आता देशोदेशीच्या बायका विणतात आणि मागेल तिला फुकट देतात. आपल्याकडे ठाण्याच्या बाजूलाही बायका आहेत, विणून पोस्टाने पाठवतात. काकू हे सगळं एका दमात बोलल्या.
"तुम्हाला कसं माहीत?" कुलकर्णीबाई.
"माहीत आहे," काकू म्हणाल्या आणि चहा ओतायला घेतला.
किती वर्षं बसतोय आम्ही त्या सोफ्यावर.

१९ डिसेंबर
डॉक्टरीणबाईंना विचारलं. म्हणाल्या चालेल, पण जखम पुरती भरू दे. अजून तीनचार आठवडे तरी नाही. वन्संना इतक्यात बोलले नाही.

२७ डिसेंबर
पहिलं सलाईन. उजव्या हाताला. डाव्या हाताला यापुढे सुई नाही, बी.पी.चा पट्टासुद्धा नाही, काखेतल्या गाठी काढल्यामुळे हात सुजू शकतो. वन्संनी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'डावा हात नाही.' प्रत्येक सिस्टरला वाचून दाखवायला लावलं.

३० डिसेंबर
जेवण जात नाही. पेज. लिंबाचं लोणचं चाटलं तेवढंच. सगळ्याला लोखंडाची चव येते म्हणतात.
मोरपंखीची एक बाही झाली.

३ जानेवारी
सूत आणायला गेले. लोकर नको, शिलाईच्या जागी टोचेल. मऊ, न सुटणारं सूत हवं. दुकानात 'स्किन कलर' मागितला. जो दाखवला त्या रंगाचं माणूस आमच्या घराण्यात झालेलं नाही. शेवटी बदामी घेतलं.
मोज्याच्या सुया घरी होत्या. चार, दोन्हीकडे टोक. तिनांवर टाके, चौथीने विणायचं.

५ जानेवारी
सूत हाताला लोकरीसारखं साथ देत नाही. लोकर ताणली की परत येते. सूत जिथे नेऊ तिथे राहतं. अंगठा दुखतोय. बायका दोन ओळी सुताच्या विणून परत लोकरीकडे का जातात ते कळलं.

८ जानेवारी
वन्संनी पकडलं.
"काय विणतेयस?" सांगितलं. ऐकून घेतलं. चेहऱ्यावर काही नाही. मग हात पुढे केला. सुयांवरचं बोटांनी फिरवून पाहिलं, उलटं करून पाहिलं.
"किती टाके?"
बहात्तर. एकेका सुईवर चोवीस.
"कमी कसे करतेस?"
फेरीत सहा ठिकाणी दोन-दोन टाके एकत्र.
"म्हणजे अकरा वेळा कमी केलेस की सहा उरतील. त्यातून दोरा ओवायचा." बरोबर. "प्रत्येक फेरीत कमी करतेस?"
हो.
"म्हणून चकती होतेय. एक फेरी सोडून कर. शंकू होईल."
कागद मागितला. पेन्सिलीने शंकू काढला, उंची, तिरकस बाजू, पायाचा परीघ. टाक्याची रुंदी आणि ओळीची उंची वेगळी असते हे मी सांगितलं, ते त्यांना आवडलं. पट्टी घेऊन माझ्या नमुन्यावर ओळी मोजल्या. दहा सेंटिमीटरला छत्तीस. जेवायची वेळ टळली. हे दोनदा दारात येऊन गेले.

९ जानेवारी
उसवून नव्याने, एक फेरी सोडून. शंकू होतोय.

११ जानेवारी
केस. उशीवर, न्हाणीघरात, पोळीत. वन्सं म्हणाल्या, कोपऱ्यावरच्या माणसाला घरी बोलाव. तो आला, कात्री काढून घुटमळला. "घे रे. तुला चौथीत भागाकार यायचा नाही तसं नको करूस." तो त्यांचा विद्यार्थी नव्हे. कोणालाही तसं म्हणतात.
संध्याकाळी टोपी विणायला घेतली. सुतीच, मोज्याच्या सुयांवर गोल, आत शिवण नको. टाळू हुळहुळते आहे.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ तोंडात धरून ठेवला, गिळला. टोपी घातली. आरशात बघून: "माकडटोपी नाही झाली, बरं झालं."

१७ जानेवारी
दुसरं सलाईन.

२४ जानेवारी
जखम भरली. डॉक्टरीणबाईंची परवानगी.
आत हलकी भर घातली, उशीतली. एकदा धुवून, पिंजून. किती घालायची ते वन्सं ठरवणार.
दार लावून घेतलं. बराच वेळ. आतून आवाज: "थोडं कमी." तोंडातून भर काढली. पुन्हा दार. "खालच्या बाजूला जास्त हवं, वर नको. गुरुत्वाकर्षण म्हणून काही असतं." पुन्हा.
मग बाहेर आल्या. ब्लाउज, साडी, पदर. ह्यांच्यासमोरून स्वयंपाकघरात गेल्या आणि चहाचं आधण ठेवलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा.

२५ जानेवारी
तक्रार. हलकं आहे म्हणून वर चढतं. हात वर केला की जास्तच. काट्यावर ठेवून पाहिलं, चाळीस ग्रॅमसुद्धा नाही. मागच्या बाजूला दोन टिचबटणं शिवली, जोडीची दोन आतल्या कपड्याला. आता हलत नाही.
भिंतीवरची रेघ खिडकीच्या वर गेली.

२९ जानेवारी
काकूंना सांगितलं, बसलं नीट. "टिचबटणं?" म्हणाल्या. "मी तळाशी एक गोटा घालते, वजनाला. पण टिचबटणं चांगली." मग हत्तीकडे वळल्या. सोंड या खेपेला शिवणीबाहेर आलीय.

७ फेब्रुवारी
तिसरं सलाईन. साताऱ्याहून पत्र, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा २३ तारखेला. वन्संनी वाचून उशीखाली ठेवलं.

१२ फेब्रुवारी
काळजी वाटते. गर्दी, धूळ, पेशी कमी झालेल्या. डॉक्टरीणबाई म्हणतात रक्त तपासून ठरवू. वन्सं म्हणतात ठरलंय.

२१ फेब्रुवारी
रक्त बरं आलं. तोंडाला मास्क लावायचा, हॉलमधलं काही खायचं नाही.

२३ फेब्रुवारी
ह्यांनी गाडी काढली. वन्संनी नारायणपेठ नेसली, खाली टिचबटणं, वर सुती टोपी, त्यावर पदर. दीड तास स्टेजवर. पन्नाशीची माणसं वाकून नमस्कार करत होती आणि त्या एकेकाला विचारत होत्या, "पाढे येतात का अजून?"
जिन्यापाशी एक बाई थांबली. जुनी विद्यार्थिनी. टोपीकडे पाहिलं, मग वन्संकडे. म्हणाली, "बाई, माझंही झालं. गेल्या श्रावणात." वन्सं तिला बाजूला घेऊन गेल्या. आल्या तेव्हा पर्समधल्या डायरीत काहीतरी लिहिलेलं.
गाडीत म्हणाल्या, "तिला उजव्या बाजूचं हवंय. टाके तेवढेच, पण पाया मोठा."
मोठा म्हणजे टाके वाढणार, मी म्हटलं.
"किंवा सुई जाड. हिशेब करू."

२५ फेब्रुवारी
जरा जाड सुयांवर तेच बहात्तर टाके. पाया मोठा झाला, वीण विरळ नाही. वन्संचं बरोबर.

२८ फेब्रुवारी
चौथं सलाईन. शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी मांडीवरचं बघून विचारलं, हे काय. वन्संनीच सांगितलं, सगळं, पडदा न ओढता.

५ मार्च
कट्टा आमच्याकडे. वन्सं खुर्चीत, हातात वही. ठरलं ते असं. महिन्यातला पहिला आणि तिसरा बुधवार फक्त सुताचा. सूत प्रत्येकीने आपापलं आणावं, धुवून. रंग कोणताही, गडदही चालेल, 'स्किन' नको. टिचबटणं मी आणीन. ठाण्याच्या बायकांना पत्र काकू लिहिणार, त्यांची मापं मागवायला. कोणाकडूनही पैसे घ्यायचे नाहीत, टपालखर्च आपण वाटून घेऊ. कुलकर्णीबाईंनी विचारलं, फुकटच द्यायचं तर थोडं इकडेतिकडे चालेल ना. वन्सं म्हणाल्या, चालणार नाही. प्रत्येक नग त्या स्वतः मोजणार, आणि टाके चुकलेला परत पाठवणार.